'कच्चं लिंबू' किती दिवस? दिव्यांग मुलांना मैदानात टाळ्या मिळतात, डाव मिळत नाही

लगोरी असो, आबाधुबी असो की टेनिस बॉलचं क्रिकेट, 'कच्चं लिंबू' हा नियम गावातल्या प्रत्येक पोराला माहीत असतो. खेळायला आलेलं पोर फारच लहान असलं तर त्याला हाकलून देत नाहीत, कच्चं लिंबू म्हणून घेतात. ते सगळ्यांबरोबर पळतं, ओरडतं, चेंडू आणून देतं. पण ते बाद झालं तरी बाद धरत नाहीत आणि त्याने काढलेल्या धावाही कोणी मोजत नाही. नियम मायेचा आहे, पण तो वर्ष-दोन वर्षांपुरताच. पोर जरा मोठं झालं की आपोआप पक्कं होतं आणि डाव त्याच्यावरही येतो.

पायाने अधू असलेलं, एका हाताचं, कमी ऐकू येणारं किंवा कमी दिसणारं मूल मात्र चौदा वर्षांचं झालं, सतरा वर्षांचं झालं तरी कच्चं लिंबूच राहतं. गावच्या मैदानात ते बहुतेक वेळा तीनपैकी एका ठिकाणी दिसतं. बाकीच्यांच्या चपला-दप्तरांजवळ, स्कोअर लिहायच्या वहीपाशी, नाहीतर बांधावर. कोणी त्याला वाईट वागवतं असं नाही. उलट, पोरं त्याला गाडीवर डबलसीट घेऊन मैदानात आणतात. फक्त खेळात घेत नाहीत.

शाळांच्या क्रीडा स्पर्धांचा हंगाम येतो. केंद्र, बीट, तालुका, जिल्हा अशा पायऱ्यांनी संघ वर जातात. कबड्डी, खो-खो, धावणे, गोळाफेक यांच्या याद्या तयार होतात. त्या याद्यांत दिव्यांग मुलाचं नाव सापडणं अवघड. त्याच्यासाठी वेगळा दिवस ठेवलेला असतो, ३ डिसेंबर. जागतिक दिव्यांग दिनाला धावण्याची स्पर्धा होते, लिंबू-चमचा होतो, बादलीत चेंडू टाकायचा खेळ होतो. सगळ्यांना बक्षीस मिळतं, नाही मिळालं तर 'उत्तेजनार्थ' तरी मिळतंच. पाहुण्यांबरोबर फोटो निघतो आणि संध्याकाळपर्यंत तो गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतो. ४ डिसेंबरला पीटीच्या तासाला तेच मूल पुन्हा दप्तरं राखत बसतं.

हा दिवस वाईट आहे असं कोणी म्हणणार नाही. ज्या मुलाला वर्षभर मैदान मिळत नाही त्याला एक दिवस तरी मिळतो. पण खिलाडूवृत्ती म्हणून जे सांगितलं जातं, ते या एका दिवसात आणि त्या टाळ्यांत संपतं का, हा प्रश्न आता विचारायला हवा. कारण नोव्हेंबर २०२५ मध्ये हरियाणातल्या सोनीपतला जे घडलं, त्याने या विषयाची पट्टीच बदलली आहे.

सोनीपतचे चार दिवस

जम्मू-काश्मीरमधल्या किश्तवाड जिल्ह्यातल्या लोईधार गावची शीतल देवी आता बहुतेकांना मोबाईलवरून माहीत आहे. जन्मापासून दोन्ही हात नाहीत. धनुष्य उजव्या पायाने धरते, दोरी खांद्याने ओढते आणि जबड्याच्या जोराने बाण सोडते. २०२१ मध्ये किश्तवाडला लष्कराने युवकांसाठी घेतलेल्या क्रीडा कार्यक्रमात ती पहिल्यांदा नजरेत आली. पुढे २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये राकेश कुमारबरोबर मिश्र सांघिक कांस्य, सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या ग्वांगजूला पॅरा तिरंदाजीचं जागतिक विजेतेपद. इथपर्यंतची गोष्ट रीलवर सगळ्यांनी पाहिली आहे.

त्यानंतरची गोष्ट कमी लोकांपर्यंत पोहोचली. जेद्दाहला होणाऱ्या आशिया कपच्या तिसऱ्या टप्प्यासाठी भारताचा संघ निवडायचा होता. ही दिव्यांगांची स्पर्धा नव्हती, सर्वसाधारण स्पर्धा होती. सोनीपतला चार दिवस निवड चाचणी झाली. कंपाउंड धनुष्याच्या मुलींत साठपेक्षा जास्त तिरंदाज होत्या, त्यांत शीतलही उतरली. लक्ष्य तिच्यासाठी जवळ आणलं नाही. पन्नास मीटर म्हणजे सगळ्यांना पन्नास मीटर. सवलतीचा अर्धा गुणही नाही. पात्रता फेरीत तिचे ७२० पैकी ७०३ गुण झाले. महाराष्ट्राची तेजल साळवे पहिली होती, तिचेही ७०३ च. अंतिम क्रमवारीत तेजल पहिली, महाराष्ट्राचीच वैदेही जाधव दुसरी आणि शीतल तिसरी. तिघी संघात गेल्या.

चौथी आलेली मुलगीही महाराष्ट्राचीच. शीतलचे ११.७५ गुण, तिचे ११.५. पाव गुणाने तिचा संघ हुकला.

या गोष्टीत खरी किंमत त्या पाव गुणाची आहे. तो शीतलला कोणी दान दिला नव्हता आणि चौथीच्या ताटातून कोणी दयेपोटी काढूनही घेतला नव्हता. गुणतक्ता सगळ्यांसमोर होता. शीतल हरली असती तर तीही गुणांवरच हरली असती, 'बिचारी' म्हणून कोणी तिला चौथ्याऐवजी तिसरा क्रमांक दिला नसता. दिव्यांग खेळाडूला यापेक्षा मोठा मान कोणता द्यायचा? शाल-श्रीफळात तो बसत नाही.

हरलेल्याला काय ऐकावं लागतं

आता हीच गोष्ट तालुक्याच्या मैदानावर आणून बघावी. एका हाताच्या पोराने गोळाफेकीत दोन हातांच्या पोराला मागे टाकलं, तर मैदानात पहिली आरोळी काय उठते? "अरे, त्याच्याकडून हरलास?" ही आरोळी मारणाऱ्याला वाटतं आपण हरलेल्याची चेष्टा करतोय. प्रत्यक्षात एका वाक्यात दोघांचाही पाणउतारा होतो. जिंकलेल्याचं कसब गेलं आणि हरलेल्याची पुढच्या वेळी त्याच्याशी खेळायची हिंमतही गेली. पुढच्या स्पर्धेत तो त्याच्यासमोर उतरायचंच टाळतो, नाहीतर मुद्दाम हळू खेळतो म्हणजे हरलो तर 'सोडून दिलं' म्हणता येईल.

मुद्दाम हळू खेळणं ही तर गावाकडची फार जुनी रीत. पायाने अधू असलेला पोरगा कबड्डीत चढाईला आला की समोरचे सातजण हात मागे घेतात. क्रिकेटमध्ये त्याला चेंडू अलगद टाकतात, झेल हातात आलेला सोडतात. बघणारे टाळ्या वाजवतात, कोणीतरी व्हिडिओ काढतो, त्याला डोळ्यांत पाणी आणणारं गाणं लावतो. पण चेंडू हातात येऊन सुटला की सोडला, हे फलंदाजी करणाऱ्या पोराला कळतं. दहा वर्षांच्या पोरालाही कळतं. आपण जिंकलो नाही, आपल्याला जिंकवलं, हे ओझं घेऊन ते घरी जातं आणि त्याच्या पायाची ताकद किंवा हाताचा नेम काही त्यातून वाढत नाही.

'लागलं तर जबाबदार कोण?'

शिक्षकांची बाजूही आहे आणि ती खोटी नाही. बऱ्याच जिल्हा परिषद शाळांत खेळाला वेगळा शिक्षकच नाही. दोन शिक्षकी शाळेत एकाने चार वर्ग सांभाळायचे, दुसऱ्याने माहिती भरायची. अशात पायाने अधू मुलाला कबड्डीत उतरवलं, ते पडलं आणि हाड मोडलं तर आई-बाप शाळेत येणार. त्यापेक्षा 'तू बस बाळा' म्हणणं सोपं. पालकही बहुतेक वेळा हेच सांगून गेलेले असतात की आमच्या पोराला खेळायला लावू नका.

पण धोका सगळ्या खेळांत सारखा नसतो आणि सगळ्या मुलांनाही सारखा नसतो. कबड्डी जमणार नाही म्हणजे गोळाफेक जमणार नाही असं होत नाही. पळणं जमणार नाही म्हणजे नेमबाजी, बुद्धिबळ, कॅरम जमणार नाही असंही नाही. शिवाय नियमात थोडा बदल केला तर अनेक खेळ खुले होतात, आणि हे बदल जगभर ठरलेले आहेत, कोणाला नव्याने शोधायचे नाहीत.

अंधांच्या क्रिकेटचंच बघा. चेंडूत छर्रे असतात, तो वाजतो. गोलंदाजी खालून करायची, चेंडू टप्पे खात आला पाहिजे. पूर्ण अंध खेळाडूने काढलेली धाव दुप्पट धरतात. हा दुप्पट हिशेब म्हणजे दया नाही. न बघता चेंडू मारणं किती अवघड आहे, त्याचा तो ठरवलेला भाव आहे. आणि त्यात बाद झाला तो बादच. याच नियमांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये अंध महिलांचा पहिला टी-२० विश्वचषक झाला आणि भारतीय मुलींनी कोलंबोच्या अंतिम सामन्यात नेपाळला हरवून तो जिंकला. संघाची उपकर्णधार गंगा कदम महाराष्ट्राची.

कुस्ती ज्यांच्या गावात मुरलेली आहे त्यांना पॅरा ज्युडोचा नियम लगेच पटेल. दोन्ही खेळाडूंना कमी दिसतं, म्हणून पंच आधी दोघांना एकमेकांची पकड घ्यायला लावतात आणि मगच इशारा होतो. पुढे डाव-प्रतिडाव तसेच. कर्णबधिर धावपटूंना पिस्तुलाचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून डेफलिम्पिकमध्ये दिव्याच्या इशाऱ्यावर शर्यत सुटते. गावात दिवा कशाला, शिट्टीबरोबर लाल झेंडा खाली आणला तरी काम होतं. एका हाताच्या धावपटूला सुरुवातीच्या बैठकीत तोल सांभाळायला हाताखाली ठोकळा ठेवायची मुभा पॅरा अॅथलेटिक्सच्या नियमात आहे. आणि ज्याला दिसत नाही तो साथीदाराच्या हाताला दोरीने हात बांधून पळतो. हा साथीदार म्हणजे गाइड. त्याने ओढायचं नाही, ढकलायचं नाही, आणि अंतिम रेषा धावपटूच्या आधी ओलांडायची नाही. ओलांडली तर दोघंही बाद.

गाइडचं काम हे तरुण पोरांनी समजून घ्यावं असं आहे. त्याला धावपटूइतकंच, खरं तर थोडं जास्तच पळता यावं लागतं, आणि तरी शेवटच्या पावलाला मागे राहायचं. पॅरिसमध्ये सिमरन शर्माने २०० मीटरमध्ये कांस्य मिळवलं तेव्हा तिचा गाइड अभय सिंगही तिच्या शेजारी पोडियमवर होता. भरतीची तयारी करणारी पोरं रोज पहाटे डांबरी रस्त्यावर पळतात. त्यांच्यातल्या एखाद्याने गावातल्या न दिसणाऱ्या मुलाला दोरीने बरोबर घेतलं तर शाळेला वेगळी सोय करायलाच लागणार नाही.

कायदा काय म्हणतो, रील काय दाखवतात

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम १६ सरळ आहे. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि शिक्षणाबरोबर खेळाचीही संधी इतरांच्या बरोबरीने द्यायची. 'खेळ' हा शब्द कायद्यात लिहिलेला आहे. म्हणजे पीटीच्या तासाला मुलाला मैदानावर घेणं ही शाळेची मेहेरबानी नाही. उताराचा रस्ता, हाताला धरायची दांडी, वेगळं शौचालय यावर आता शाळांत निदान बोललं तरी जातं. खेळाच्या तासावर कोणी तक्रार केल्याचं सहसा ऐकू येत नाही, कारण हा हक्क आहे हेच पालकांना माहीत नसतं.

याच कायद्याच्या कलम ९२ नुसार दिव्यांग व्यक्तीला चारचौघांत मुद्दाम अपमानित केलं तर सहा महिने ते पाच वर्षं तुरुंगवास आणि दंड आहे. मैदानातल्या पोरांवर गुन्हे दाखल करा असं कोणी सांगत नाही. पण 'लंगड्या', 'थोट्या', 'बहिऱ्या' या हाका गावात इतक्या सरावाच्या झाल्यात की काही मुलांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं आहे. सरकारी कागदावर 'अपंग'चं 'दिव्यांग' झालं त्यालाही बरीच वर्षं लोटली. मैदानातली हाक तीच राहिली.

मोठ्यांनी यात आदर्श ठेवावा, तर तिथंही घोटाळा. जुलै २०२४ मध्ये इंग्लंडमध्ये माजी खेळाडूंची स्पर्धा जिंकल्यावर हरभजन सिंग, युवराज सिंग आणि सुरेश रैना यांनी लंगडत, कंबर धरत चालण्याचा एक रील टाकला. पंधरा दिवस खेळून आमच्या अंगाची काय अवस्था झाली ते दाखवायचं होतं, असा त्यांचा खुलासा होता. मुंबईत वाढलेली, एक पाय गमावल्यानंतर २०१९ मध्ये पॅरा बॅडमिंटनची जगज्जेती झालेली मानसी जोशी त्यावर उघड बोलली. असे व्हिडिओ बघून मुलं शाळेत दिव्यांग मुलांची नक्कल करतात, हा खरा धोका. हरभजन यांनी माफी मागितली, व्हिडिओ काढला. योगायोग असा की त्याच्या आठवडाभर आधीच, ८ जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने निपुण मल्होत्रा प्रकरणात दिव्यांगांवरच्या विनोदाबद्दल निकाल दिला होता. अपंगत्वाची समज वाढवणारा विनोद वेगळा आणि माणसाला खाली पाडणारा वेगळा, असा फरक न्यायालयाने केला. कबड्डीच्या मैदानात कोणत्या प्रकारचा विनोद चालतो, ते सांगायला न्यायालय लागणार नाही.

दुसऱ्या बाजूची लबाडी

बरोबरीने वागवायचं तर नियमही बरोबरीने लावावे लागतात, हे दिव्यांग खेळाच्या जगाने फार महागात शिकलं आहे. २००० च्या सिडनी पॅरालिम्पिकमध्ये स्पेनने बौद्धिक अक्षमता गटात बास्केटबॉलचं सुवर्ण जिंकलं. नंतर उघड झालं की बारापैकी दहा खेळाडूंना तशी कोणतीही अक्षमता नव्हती. पदकं परत घ्यावी लागली. पण शिक्षा भोगली कोणी? खऱ्या खेळाडूंनी. बौद्धिक अक्षमता असलेल्यांचा गटच बंद झाला आणि थेट २०१२ च्या लंडनला पुन्हा सुरू झाला. मधल्या काळात अथेन्स आणि बीजिंग दोन्ही पॅरालिम्पिक त्यांच्या हातून गेली.

म्हणून तर पॅरा खेळांत वर्गीकरण इतकं कडक असतं. टोकियोला भारताच्या विनोद कुमारने थाळीफेकीत कांस्य मिळवलं होतं, पण तपासणीत तो त्या गटात बसत नाही असं ठरलं आणि पदक गेलं. पुढे आपली क्षमता मुद्दाम चुकीची दाखवल्याबद्दल त्याच्यावर बंदीही आली.  महाराष्ट्रात बोगस दिव्यांग प्रमाणपत्रांच्या बातम्या येतात तेव्हा नोकरीचीच चर्चा होते. त्या प्रमाणपत्रामागे मैदानातली एखादी जागाही अडकलेली असते, याकडे लक्ष जात नाही.

बॅनर लागतात, पण उशिरा

खेळाडू नाहीत असं म्हणायला जागा नाही. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी शाळेत असताना अपघातात सापडला आणि त्याचा डावा हात अधू झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये पॅरिसला त्याने १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य घेतलं. त्याआधी तो दोनदा जगज्जेता झाला होता. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्यातला दिलीप गावित लहानपणी झाडावरून पडला, हात गमावला. २०२३ च्या हांगझोऊ पॅरा आशियाई स्पर्धेत ४०० मीटरचं सुवर्ण त्याचं. नांदेड जिल्ह्याची गोळाफेकपटू भाग्यश्री जाधव पॅरिसच्या उद्घाटनाला सुमित अंतिलबरोबर भारताचा तिरंगा घेऊन चालली. आटपाडी, सुरगाणा, नांदेड. मोठ्या शहरांची, मोठ्या क्रीडा संकुलांची नावं ही नव्हेत.

आणि सांगलीचेच मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेल्या या जवानाने १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात पॅरालिम्पिकचं सुवर्ण जिंकलं, भारताचं पहिलं. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला जानेवारी २०२५ मध्ये, तोही त्यांच्यावर सिनेमा येऊन गेल्यावर. मध्ये बावन्न वर्षं गेली. पॅरिसला भारताला २९ पदकं मिळाली, त्यामुळे आता बॅनर लवकर लागतात. पण बॅनर पदकानंतर लागतो आणि पोराला मैदान लागतं ते त्याच्या दहा वर्षं आधी.

पैशाचं म्हणाल तर ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असा राज्याचा आदेश आहे. हा पैसा बहुतेक ठिकाणी वर्षाच्या शेवटी काहीतरी वाटप करून संपवतात. त्यातून वाजणारा चेंडू, हलका गोळा, दोरी-झेंडे घेता येतील का आणि गावच्या 'भव्य ओपन' स्पर्धेत दिव्यांग खेळाडूंचा एक गट ठेवता येईल का, हे ग्रामसभेत विचारायला कोणाची परवानगी लागत नाही. स्पर्धा भरवणारी मंडळं लाखाचं पहिलं बक्षीस लावतात. त्यांना एका जादा गटाची ट्रॉफी जड जाणार नाही.

पालकांसाठी एक गोष्ट तातडीची आहे. पॅरा स्पर्धांत उतरायचं तर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड लागतं. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, मग सरकारी रुग्णालयात तपासणी, यात वेळ जातो. स्पर्धेचं पत्र शाळेत आल्यावर धावपळ करून ते कार्ड मिळत नाही. जूनमध्ये शाळा उघडल्यावर संघांच्या याद्या बनायला लागतात, त्यामुळे अर्ज उन्हाळ्याच्या सुट्टीआधी गेलेला बरा. कागदपत्रांत अडलं तर गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचं काम पाहणाऱ्या विशेष शिक्षकांना भेटावं.